विंडोज १० नंतर घरच्या डेस्कटॉपवर काय टाकायचं? रोजचं काम आणि गेमिंग, दोन्ही सांभाळून

खटपट्या (धागाकर्ता)

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला आणि आमच्या घरात रोज रात्री जेवताना एकच विषय सुरू झाला.

मशीन असं आहे: इंटेल आय५-७४००, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८ च्या दोन पट्ट्या), जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एसएसडी. ठणठणीत चालतंय. पण विंडोज ११ चं तपासणीचं अ‍ॅप "तुमचा प्रोसेसर चालणार नाही" म्हणून हात वर करतं.

वापरणारे तिघे. बायको जीएसटीची कामं घरून करते. टॅली आणि एक्सेल कायम उघडं. वडील एका छोट्या दिवाळी अंकाची अक्षरजुळणी बघतात, श्री-लिपीत. चिरंजीव अकरावीला, त्याचं व्हॅलोरंट, ईए एफसी आणि अधूनमधून एल्डन रिंग. मी बातम्या वाचतो आणि बिलं भरतो, माझा विचार नाही केलात तरी चालेल.

ऑफिसातला एक जण म्हणतो लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) टाक, पैसे वाचव. मेव्हणा म्हणतो मॅक मिनी घे आणि शांत झोप. दुकानदार अर्थातच नवीन पीसी घ्या म्हणतो. "गरजेवर अवलंबून आहे" हे उत्तर कृपया नको, गरज वर लिहिली आहे. कुठे काय अडेल ते सांगा.

लॅमिंग्टन लोकल

आधी एक गैरसमज काढून टाकू. तुमचं मशीन टीपीएममुळे (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) अडलेलं नाही. सातव्या पिढीच्या बहुतेक बोर्डांच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) पीटीटी नावाचा पर्याय असतो, तो चालू केला की टीपीएम २.० मिळतं. सिक्युअर बूटही (सुरू होताना सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी) मिळेल. अडलंय ते प्रोसेसरच्या यादीपाशी. मायक्रोसॉफ्टने इंटेलची रेघ आठव्या पिढीवर ओढली, एएमडीची रायझन २००० वर. तुमचा ७४०० एका पिढीने हुकला.

रुफस हा इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह बनवणारा प्रोग्राम वापरून प्रोसेसरची तपासणी टाळता येते, आणि पीटीटी चालू असेल तर पुढे गोष्टी बऱ्यापैकी सुरळीत चालतात. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. महिन्याचे अपडेट सहसा येतात. वर्षाकाठी येणारी मोठी आवृत्ती मात्र पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन स्वतः चढवावी लागते. ज्या मशीनवर बायको लोकांचे हिशेब ठेवते तिथे हा उद्योग मी करणार नाही.

घाई मात्र अजिबात नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. आज रात्री ते करा, मग निवांत चर्चा करू.

पेंग्विनपंथी

या धाग्याची वाटच बघत होतो.

"लिनक्सवर गेम चालत नाहीत" हे २०१८ पर्यंत बरंचसं खरं होतं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये व्हाल्व कंपनीने स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात प्रोटॉन आणलं, म्हणजे विंडोजचे गेम लिनक्सवर चालवायची सोय. त्याचा पाया म्हणजे १९९३ पासून चालू असलेला वाइन हा प्रकल्प. वाइन म्हणजे खोटं विंडोज मशीन उभं करणं नव्हे. गेम विंडोजकडे जे मागतो ते लिनक्सला कळेल अशा मागणीत फिरवून द्यायचं, बस. यात ग्राफिक्सची बाजू वर्षानुवर्षं लंगडी होती. विंडोजच्या डायरेक्टएक्समधल्या ग्राफिक्सच्या सूचना लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनमध्ये फिरवणारं डीएक्सव्हीके फिलिप रेबोले या प्रोग्रामरने लिहायला घेतलं ते निअर ऑटोमाटा लिनक्सवर खेळायचा होता म्हणून. एका माणसाच्या एका गेमच्या हौसेपायी हजारो गेम उघडले! डायरेक्टएक्स १२ साठी त्याचं भावंड आहे, व्हीकेडी३डी-प्रोटॉन.

२०२२ मध्ये स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आलं, त्यात आर्च या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेलं स्टीमओएस आहे, म्हणजे लिनक्सच. ते भारतात अधिकृतपणे मिळत नाही, पण त्याच्यासाठी झालेली सगळी दुरुस्ती आपल्या डेस्कटॉपलाही आपोआप मिळते. लेनोवोचं तसलंच यंत्र लिजन गो एस तर विंडोज आणि स्टीमओएस अशा दोन्ही रूपांत निघालं. समीक्षकांनी दोन्हींची तुलना केली तेव्हा बऱ्याच गेमना स्टीमओएसवर जास्त फ्रेम मिळाल्या. स्टीमच्या सर्वेक्षणात ऑक्टोबर २०२५ मध्ये लिनक्स पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या पुढे गेलं.

तुमच्या चिरंजीवांचं एल्डन रिंग लिनक्सवर उत्तम चालतं, ऑनलाइनसकट. माझा सल्ला: लिनक्सचा मिंट हा प्रकार टाका. २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट होत राहील, आणि खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू ही रचना विंडोजवाल्याला परकी वाटत नाही.

रँक्ड रडारड

पेंग्विनपंथी दादा, एल्डन रिंगपर्यंत सगळं मान्य. पण काकांच्या मुलाला हा प्रतिसाद दाखवू नका, बिचारा रात्री जेवणार नाही.

व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. काहीही करा, चालत नाही. व्हॅनगार्ड हे त्याचं अँटी-चीट (खेळात लबाडी करणाऱ्यांना पकडणारं सॉफ्टवेअर) मशीन सुरू होतानाच विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, जाऊन बसतं, आणि विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं. ईए एफसीचंही तेच, ईएचं स्वतःचं अँटी-चीट लिनक्सवर उठतच नाही. बॅटलफील्ड ६ नाही. फोर्टनाइट नाही. लीग ऑफ लेजंड्स आधी वाइनवर चालायचं, २०२४ मध्ये व्हॅनगार्ड आलं आणि बंद पडलं. एपेक्स चालायचं, ते ३१ ऑक्टोबर २०२४ ला त्यांनी स्वतः बंद केलं. जीटीए ऑनलाइन सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आल्यावर गेलं. त्याचा स्टोरी मोड चालतो.

चालतं ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल पोरगं नुसतं रडतं. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ थेट लिनक्ससाठीच बनतात, प्रोटॉनचीही गरज नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती चालते. एकट्याने खेळायचे गेम जवळजवळ सगळे चालतात, घ्यायच्या आधी प्रोटॉनडीबी या साइटवर नाव टाकून लोकांचे अनुभव बघायचे. माझ्या हॉस्टेलवर अर्धी मुलं सिंगल प्लेयरवाली आहेत, त्यांना विंडोज लागत नाही. उरलेली अर्धी माझ्यासारखी.

शंकासूर

बाळबोध प्रश्न विचारतो. अँटी-चीटवाले लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती का काढत नाहीत? मॅकसाठी काढतात की.

बिनतारी

@शंकासूर, प्रश्न बाळबोध नाही, या सगळ्या भांडणाचं मूळ तिथेच आहे.

चीट करणारा प्रोग्राम गेमची मेमरी वाचतो, भिंतीमागचा शत्रू कुठे आहे ते दाखवतो. त्याला पकडायचं तर पकडणाऱ्याला चोरापेक्षा खोल बसावं लागतं, म्हणून कर्नल. विंडोजवर कर्नलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही लागते, सिक्युअर बूट ती साखळी तपासतं, म्हणून "ही जमीन मूळची आहे" असं गेमला मानता येतं. लिनक्सचा कर्नल मी घरी बसून बदलून बांधू शकतो. तोच त्याचा जीव आहे. अँटी-चीटने विचारलं "मेमरी कोण वाचतंय?" तर माझा कर्नल खुशाल "कुणीच नाही" म्हणेल, आणि त्याला ते खरं मानण्यावाचून गत्यंतर नाही.

ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय दोघांनीही २०२१ पासून प्रोटॉनसाठी दार उघडं ठेवलंय, पण ते कर्नलबाहेरचं हलकं रूप आहे. ते वापरायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो. एल्डन रिंगवाल्यांनी हो म्हटलं, जीटीएवाल्यांनी नाही.

आता माझं मत. गेमसाठी कर्नलची किल्ली देणं मला पटत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकची एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. इंडिगोने हाताने लिहून बोर्डिंग पास दिले होते, आठवत असेल. ते तर सुरक्षेचं सॉफ्टवेअर होतं, चांगल्या हेतूने कर्नलमध्ये बसलेलं.

रँक्ड रडारड

बिनतारी सर, तत्त्व पटतं. पण मी व्हॅलोरंटच्या डायमंड रँकला आहे आणि समोर वॉलहॅकवाला आला की तत्त्व आठवत नाही. 😄

पेंग्विनपंथी

म्हणजे मुलाच्या एका गेमसाठी सगळ्या घराने मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करायचं? जाहिराती स्टार्ट मेनूत, वनड्राइव्ह न विचारता डेस्कटॉप उचलून नेतं, प्रत्येक अपडेटनंतर एज पुन्हा समोर. हे सगळं आपण "सोय" म्हणून खपवून घेतो.

लॅमिंग्टन लोकल

खपवून घेतो कारण ग्राहक दुकानात येऊन "माझी ओएस नैतिक आहे का" असं विचारत नाही, "माझा गेम चालेल का" विचारतो. वनड्राइव्ह काढता येतं. व्हॅलोरंट घालता येत नाही.

हिशेबनीस

वहिनींच्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी स्वतः हेच काम करते.

टॅलीप्राइम फक्त विंडोजवर आहे. वाइनवर चालवल्याचे व्हिडिओ यूट्यूबवर सापडतील, पण ३१ मार्चला क्लायंटचा फोन येतो तेव्हा व्हिडिओ कामाला येत नाही. दुसरं डिजिटल सहीचं टोकन. लिनक्ससाठी ड्रायव्हर काही टोकनांचे मिळतात, पण पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर, ब्राउझर आणि टोकन या तिघांचं एकाच दिवशी जमणं हा योग विंडोजवरसुद्धा दुर्मीळ आहे. तिसरं एक्सेल. आयकराच्या आणि इतर खात्यांच्या ज्या युटिलिटी मॅक्रो असलेल्या एक्सेल फाइलमध्ये येतात त्या लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण बटणं मुकी होतात. साधी कोष्टकं, पत्रं, पीडीएफ यासाठी लिब्रेऑफिस छान आहे. मी मुलीच्या लॅपटॉपवर तेच टाकलंय.

थोडक्यात वहिनींचं मशीन विंडोजच. यावर वाद घालणाऱ्याने आधी एकदा जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र) भरून दाखवावा.

पेंग्विनपंथी

@हिशेबनीस, जीएसटीआर-९ च्या नावाने शस्त्र खाली ठेवतो. 🙏 पण ज्यांच्याकडे टॅली नाही त्यांनी तरी ऐका.

बोरूबहाद्दर

सांगलीहून. तीस वर्षांहून जास्त काळ अक्षरजुळणी केलेला माणूस आहे, पहिला खिळा ते आजचा पीडीएफ. वडिलांचा भाग माझ्याकडे द्या.

श्री-लिपी हे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं सॉफ्टवेअर. जुन्या श्री-लिपीच्या फाइलींतली अक्षरं युनिकोड (सगळ्या मशीनना कळणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात: काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा क वेगळा. फॉन्ट आहे तोवर मजकूर दिसतो, फॉन्ट नसला की नुसता इंग्रजी कचरा. सोबत संगणकाला लावायचा डाँगल. हे सगळं विंडोजपुरतंच आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर नेण्याचा विचार सोडा.

तर दोन वाटा. एक, वडिलांचा हात रेमिंग्टन टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसला असेल (आमच्या पिढीचा बसलेलाच असतो) आणि छापखाना पानं लावायच्या जुन्या पेजमेकरचीच फाइल मागत असेल, तर जुनं मशीन, जुनं विंडोज आणि श्री-लिपी तसंच राहू द्या. फक्त त्याची नेटची वायर काढा. फाइल पेन ड्राइव्हने हलवा. सपोर्ट गेलेलं विंडोज धोक्याचं आहे ते जगाशी जोडलेलं असताना. आजही अनेक छापखान्यांच्या आतल्या खोलीत असंच एक मशीन कापडाखाली सुखाने नांदतंय.

दोन, अंक हळूहळू युनिकोडवर न्या. वेबसाइट काढायची, ई-बुक करायचं, मजकुरात शोधायचं, तर त्याला इलाज नाही. जुना मजकूर बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण नंतर डोळ्याखालून घालावाच लागतो. रफार, ऱ्य-ऱ्ह, आणि जोडाक्षरांत र खाली लागतो ती ठिकाणं खास तपासायची. एकदा युनिकोड झालं की ओएस कोणती याने फारसा फरक पडत नाही. विंडोजमध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच येतो. मॅकवर देवनागरी क्वर्टी आहे. लिनक्सवर आयबस आणि एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअर टाकली की इन्स्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स असे हवे तेवढे कीबोर्ड.

पानं लावायला इनडिझाइन विंडोज आणि मॅकवर आहे. त्यात परिच्छेदाचा वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायला विसरलात तर वेलांट्या वाऱ्यावर जातात. फुकटात स्क्रायबस आहे. त्याची १.६ आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्यात देवनागरी नीट जुळते. पुस्तकाचं साधं पान मी त्यात लावून छापखान्यात दिलंय, कुणाला काही कळलं नाही. जाहिरातींनी भरलेला दिवाळी अंक मात्र त्यात लावायची माझी छाती नाही.

आणखी एक बारकावा, जो तरुणांना बहुधा ठाऊक नसतो. मजकुराची भाषा हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. भाषा मराठी ठरवली आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श आपोआप येतात. लिब्रेऑफिसमध्ये हे करून बघा. सातशे रुपयांचा अंक हिंदी वळणाच्या ल मध्ये छापलेला बघितला की माझं डोकं फिरतं.

शंकासूर

बोरूबहाद्दर काका, या प्रतिसादाचा स्वतंत्र धागा करा. वाचनखूण साठवली.

हापूस ते अ‍ॅपल

मॅककडे सगळ्यांनी पाठ फिरवली म्हणून येतोय.

रोजच्या वापराला एम४ मॅक मिनीच्या तोडीचं काही नाही असं माझं मत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा ५९,९०० रुपये, त्यात १६ जीबी रॅम. आवाज नाही, गरम होत नाही, वीज नावापुरती. फोटो, व्हिडिओ, प्रोग्रामिंग करणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. डोळे उघडे ठेवायचे ते साठवणुकीपाशी: तेव्हा पायाभूत मॉडेलला २५६ जीबी होती आणि ५१२ करायला आणखी २०,००० मोजावे लागत. बाहेरून एसएसडी लावा, चालते.

गेमिंग. इथे मी प्रामाणिकपणे सांगतो, तुमच्या घराला उपयोग नाही. व्हॅलोरंट मॅकवर नाही, ईए एफसी नाही, काउंटर-स्ट्राइक २ तर व्हाल्वने मॅकवर आणलंच नाही. २०१९ च्या कॅटालिनाने ३२-बिटचे सगळे प्रोग्राम एका फटक्यात बंद केले, त्यात जुने गेम ढिगाने गेले. ग्राफिक्सच्या सूचनांसाठी अ‍ॅपलने ओपनजीएल गोठवलं, व्हल्कन घेतलं नाही, स्वतःचं मेटल पुढे केलं. म्हणजे गेमवाल्याने खास अ‍ॅपलसाठी वेगळी मेहनत घ्यायची. काही जण घेतात: बाल्डर्स गेट ३ आहे, सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये आला. बाकीच्यांसाठी क्रॉसओव्हर विकत घ्या, ते म्हणजे पुन्हा वाइनच. इंटेल मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, एम१ पासून तेही गेलं.

आणि कुणी स्वस्तात जुना इंटेल मॅक देत असेल तर दूर राहा. मॅकओएस २६ टाहो हे इंटेलसाठी शेवटचं.

राइनकाठी

जर्मनीहून. लिनक्स विरुद्ध विंडोज हा वाद इथे नगरपालिकांच्या पातळीवर लढला गेलाय. म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत साधारण १५,००० संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचा ठराव केला. आता उत्तरेचं श्लेस्विग-होलस्टाइन राज्य लिब्रेऑफिस आणि थंडरबर्डवर गेलंय. म्युनिकमध्ये अडलं ते मुख्यतः बाहेरच्यांकडून येणाऱ्या वर्डच्या फाइली आणि विंडोजशिवाय न चालणारी खात्यांची जुनी सॉफ्टवेअर यांपाशी. म्हणजे हिशेबनीस ताई म्हणतात तेच, फक्त मोठ्या आकड्यात.

उलट उदाहरण आपल्याकडेच आहे. केरळच्या सरकारी शाळांत उबुंटूवर बेतलेलं लिनक्स वर्षानुवर्षं चालतंय. तिथे मुलं पहिल्यापासून तेच शिकतात, सोडून येण्यासारखं काही नसतंच.

बिनतारी

धागाकर्त्यांनी कार्डाचा विचारही करावा. जीटीएक्स १०६० हे पास्कल पिढीचं. एनव्हिडियाने या पिढीचे नेहमीचे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा दुरुस्त्या तेवढ्या. लिनक्सवरही ५८० ही या कार्डासाठी शेवटची शाखा. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजरमधून ती निवडा, काही अडत नाही. पण आर्चसारख्या रोज नवं घेणाऱ्या वितरणात पास्कलवाल्यांना आता वाकडी वाट करावी लागते. नवीन कार्ड घ्याल आणि लिनक्सचा विचार असेल तर एएमडी घ्या. त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये आणि मेसा या त्याच्या ग्राफिक्सच्या भागातच येतो. एनव्हिडियाचं कार्ड डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये लिनक्सवर अजून विंडोजपेक्षा मागे राहतं.

खटपट्या

सगळ्यांचे आभार. वाढीव अपडेटची नोंदणी केली. घरात हा धागा मोठ्याने वाचला. बायकोने हिशेबनीस यांना नमस्कार सांगितलाय. बाबा बोरूबहाद्दरांचा प्रतिसाद दोनदा वाचून म्हणाले, "या गृहस्थांचा फोन नंबर मिळेल का?"

म्हणजे टॅली आणि व्हॅलोरंट या दोघांनी विंडोज ठरवूनच टाकलं, आणि श्री-लिपीने जुनं मशीन जिवंत ठेवलं. आता प्रश्न नवीन पीसीचा. रॅमचे भाव ऐकून दुकानातून परत आलो.

लॅमिंग्टन लोकल

अख्खा पीसी घेऊच नका. सध्या डीडीआर५ चे भाव चढलेत, एआयच्या सर्व्हरवाल्यांनी मेमरी पळवलीय. तुमच्याकडे डीडीआर४ आहे ती वापरा. रायझन ५ ५६०० आणि बी४५० किंवा बी५५० बोर्ड घ्या, किंवा आय३-१२१००एफ आणि एच६१० चं डीडीआर४वालं बोर्ड. दोन्ही विंडोज ११ च्या यादीत बसतात, व्हॅनगार्डही खूष. कार्ड १०६० च ठेवा, व्हॅलोरंटला ते भरपूर आहे.

जुना ७४०० वडिलांकडे. त्यात ग्राफिक्स आतच आहे, कार्ड काढलं तरी पडदा दिसेल. रॅमची एक पट्टी तिकडे ठेवा, श्री-लिपीला ८ जीबी म्हणजे चैन आहे. नव्या मशीनला ८ ची एक पट्टी तेवढी विकत घ्यावी लागेल, त्याच वेगाची बघून घ्या. घेताना बोर्डची बायोस आवृत्ती विचारा: जुना साठा असेल तर बी४५० बोर्ड ५६०० ला ओळखत नाही, दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या.

पेंग्विनपंथी

आणि एक छोटी २५० जीबीची एसएसडी टाकून तिच्यावर मिंट! मुलाला एल्डन रिंग तिकडे खेळू दे, बँकेचं काम तुम्ही तिकडे करा. एवढं तरी मागणं मागू द्या.

बिनतारी

करा, पण वेगळ्याच डिस्कवर करा, एकाच डिस्कचे तुकडे पाडून नको. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने अनेकांच्या दुहेरी बूटवाल्या मशीनवर लिनक्स सुरूच होईना, सिक्युअर बूटच्या यादीत बदल झाला होता. तसला घोळ वेगळ्या डिस्कनेही टळत नाही, पण बाकी गुंता कमी होतो. वेगळी डिस्क असली की सुरू होताना बायोसचा मेनू उघडून निवडायचं.

दुसरं, मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ नव्याने टाकलं तर डिस्क बहुतेक वेळा न विचारता एन्क्रिप्ट होते. रिकव्हरी की खात्याच्या पानावर असते. ती आधी कागदावर उतरवून घ्या, वहिनींच्या फायलीत लावा, मगच बायोसमध्ये हात घाला. सिक्युअर बूट किंवा टीपीएमची सेटिंग हलली की विंडोज ती की मागतं.

अर्धाकप

मध्येच घुसतो. माझ्याकडे असंच दोन डिस्कचं आहे. गेम विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर आहेत, तेच फोल्डर मिंटच्या स्टीमला दाखवले. ड्राइव्ह कधी फक्त वाचता येतो, कधी गेम सुरू होऊन लगेच बंद होतो. दोनदा डाउनलोड करायला नेट परवडत नाही.

बिनतारी

फक्त वाचता येतो त्याचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. बंद केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह आपल्या नावावर अडवून ठेवतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते काढा आणि एकदा नीट शटडाउन करा.

गेम उघडून बंद होतो ते प्रोटॉनमुळे. प्रत्येक गेमसाठी तो कॉम्पॅटडेटा नावाचं फोल्डर करतो, त्यातल्या फाइलींच्या नावांत कोलन असतं, आणि विंडोजला ते चिन्ह चालत नाही. ते फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर ठेवून तिथून सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) द्या. पण खरं सांगू का, गेमच्या फाइली एकदाच कॉपी करा. मिंटच्या एक्सटी४ (लिनक्सच्या पद्धतीच्या) ड्राइव्हवर स्टीमची लायब्ररी बनवा, स्टीमच्या कॉमन फोल्डरमधलं गेमचं फोल्डर तिकडे टाका, मग स्टीममध्ये इन्स्टॉल दाबा. असलेल्या फाइली तो तपासून घेतो आणि राहिलेलंच उतरवतो.

अर्धाकप

फास्ट स्टार्टअपच होतं. काढलं, ड्राइव्ह लिहिता येतोय. विचर ३ ची कॉपी लावलीय, ४० टक्के झाली.